पर्ल: सिरॅक्यूजचा ३१ नंबर

(पडदा काळा. फक्त गर्दीचा गलका ऐकू येतो.)

२१ जानेवारी १९८४. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडचं सिरॅक्यूज शहर. इथला जानेवारी म्हणजे बर्फ उपसायचा महिना. पण कॅरियर डोमच्या छपराखाली तीस हजारांवर माणसं घामेघूम झालीयेत. कॉलेज बास्केटबॉलचा सामना: सिरॅक्यूज ७३, बोस्टन कॉलेज ७३. घड्याळात उरलेत चार सेकंद, आणि फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारी मोकळी फेक, आहे बोस्टन कॉलेजकडे.

(जुनं, किंचित हलणारं चित्रण.)

चेंडू रिंगवर आपटून बाहेर येतो. सिरॅक्यूजचा शॉन केरिन्स रिबाउंड घेतो आणि पर्लच्या हातात देतो. पर्ल दोन-तीन ढांगा टाकतो आणि मध्यरेषेपाशी पोचतो न पोचतो तोच चेंडू सोडून देतो.

बास्केट! ७५-७३.

एवढ्या लांबून मारूनही गुण दोनच. कारण तीन गुणांची रेषा कॉलेज बास्केटबॉलमध्ये देशभर लागू झाली ती १९८६-८७ च्या हंगामात. तोवर हा गडी कॉलेज सोडून गेलेला होता.

त्या शॉटइतकंच लोकांच्या लक्षात राहिलंय ते त्यानंतरचं पळणं. पर्ल थांबला नाही. हात उंचावून नाचला नाही, कुणाच्या गळ्यात पडला नाही. ज्या वेगात होता त्याच वेगात बास्केटखालून पुढे पळत सुटला, तो थेट ड्रेसिंग रूमकडे. मागे मैदानावर माणसांचा लोंढा उतरला. हिरो मात्र केव्हाच आत गेलेला.

(शीर्षक.)

नाव ड्वेन वॉशिंग्टन. जन्म ६ जानेवारी १९६४, ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल भागातला. गरीब वस्ती, आणि सिमेंटची बास्केटबॉल मैदानं. तिथे खेळताना पोरगं आठेक वर्षांचं असेल, तेव्हाच त्याला 'पर्ल' हे नाव चिकटलं. अर्ल मन्रो नावाच्या मोठ्या खेळाडूला सगळे 'द पर्ल' म्हणायचे. हा तसाच खेळतो म्हणून हाही पर्ल. पुढे लोक ड्वेन हे नाव विसरूनच गेले.

बॉइज अँड गर्ल्स हायस्कूलमधून १९८३ साली बाहेर पडताना देशातली मोठमोठी कॉलेजं त्याच्या मागे होती. त्यानं सिरॅक्यूज निवडलं. प्रशिक्षक जिम बेहाइम तेव्हा अजून नावारूपाला येत होते. पुढे ते तिथे मुख्य प्रशिक्षक म्हणून एकूण ४७ हंगाम राहिले. आपला संघ देशाच्या नकाशावर आला तो पर्लमुळे, हे त्यांनी वेळोवेळी मान्य केलं.

आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्याला खेळाडूंचे चार मित्र आणि एखादे सर, एवढाच प्रेक्षक असतो. त्यामुळे हे सगळं थोडं अतर्क्य वाटेल. अमेरिकेत कॉलेजचा संघ म्हणजे गावाचा संघ. सिरॅक्यूजसारख्या शहरात हिवाळाभर दुसरं करायचं काय, हाही प्रश्नच. मूळ अमेरिकन फुटबॉलसाठी बांधलेल्या त्या अवाढव्य डोमच्या एका बाजूला बास्केटबॉलचं कोर्ट मांडायचं, आणि पर्लला बघायला अख्खं गाव लोटायचं.

(संथ गतीतलं चित्रण: पर्ल ड्रिबल करतोय.)

काय बघायचे लोक? उंची सहा फूट दोन इंच, म्हणजे या खेळात बेताचीच. अंगानं गोलसर, भरलेला. उडी फार उंच नाही. पळतानाही घाईत आहे असं कधी वाटायचं नाही. चेंडू या हातातून त्या हातात, खांदा डावीकडे, डोकं उजवीकडे, आणि समोरचा गडी चुकीच्या पायावर अडकलेला. ही त्याची क्रॉसओव्हर. पण तेवढ्यानं भागत नसे. खरा प्रश्न पुढे यायचा, रिंगखाली. तिथे झाडासारखी माणसं उभी असायची.

पर्ल त्यांना वळसा घालत नसे. सरळ अंगावर जायचा. खांदा समोरच्याच्या छातीत रुतवून आधी त्याला अर्धा पाऊल मागे ढकलायचा, मग चेंडू वर सोडायचा. मार खायचा, खाली पडायचा, उठून फ्री थ्रो मारायचा. चाहते त्याच्या जादूबद्दल भरभरून बोलतात, पण माझ्या मते ती जादू टिकली ती या दणकटपणावर. नुसत्या हातचलाखीला त्या काळच्या बिग ईस्टमध्ये कुणी दोन सामनेही उभं केलं नसतं.

बिग ईस्ट हा १९७९ साली सुरू झालेला, आपसांत स्पर्धा खेळणाऱ्या कॉलेजांचा गट. ऐंशीच्या दशकात तिथला खेळ म्हणजे अर्धी कुस्ती. आणि त्या आखाड्याचा पैलवान होता जॉर्जटाऊनचा पॅट्रिक युइंग. सात फुटी.

(मॅडिसन स्क्वेअर गार्डन. मार्च १९८५.)

बिग ईस्टची उपांत्य फेरी. धक्काबुक्कीत पर्लचं कोपर युइंगच्या बरगडीत बसतं. युइंग वळून ठोसा हाणतो. तो हुकतो. नीट बघा, या दोघांच्या उंचीत दहा इंचांचा फरक आहे. कोपर मारणं शहाणपणाचं नव्हतं आणि नियमातही नव्हतं. सामनाही जॉर्जटाऊननंच जिंकला. पण सिरॅक्यूजच्या माणसाला विचाराल तर तो हरल्याचं नंतर सांगेल, कोपराचं आधी.

पुढच्या वर्षी, १९८६ मध्ये, त्याच गार्डनमध्ये अंतिम सामना, सेंट जॉन्सविरुद्ध. एका गुणानं मागे. शेवटचे क्षण, चेंडू अर्थातच पर्लकडे. तो नेहमीसारखा आत घुसला, आणि सेंट जॉन्सच्या वॉल्टर बेरीचा लांब हात वरून आला. शॉट अडवला गेला. ७०-६९. हरलेल्या संघातला असूनही स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती पर्लचीच.

आणि थोड्याच दिवसांत शेवट. राष्ट्रीय स्पर्धेची दुसरी फेरी घरच्याच डोममध्ये होती. समोर नेव्हीचा, म्हणजे अमेरिकी नौदल अकादमीचा, संघ आणि त्यांचा डेव्हिड रॉबिन्सन, ज्यानं एकट्यानं ३५ गुण केले. नेव्ही ९७, सिरॅक्यूज ८५. पर्लचा कॉलेजमधला हा अखेरचा सामना ठरला. तीन हंगाम, ९५ सामने, १४९० गुण, ६३७ असिस्ट, म्हणजे ज्यावर सहकाऱ्यानं बास्केट केली असे पास. राष्ट्रीय विजेतेपद नाही. अंतिम चार संघांतही कधी नाही. गंमत अशी की तो गेल्यावर पुढच्याच वर्षी, त्याची जागा घेतलेल्या शर्मन डग्लसबरोबर, सिरॅक्यूज थेट अंतिम सामन्यात पोचलं. तिथे इंडियानाकडून एका गुणानं हरलं.

(रिकामं मैदान. पंख्याचा आवाज.)

एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, नव्या खेळाडूंच्या निवडीत न्यू जर्सी नेट्सनं त्याला तेराव्या क्रमांकावर निवडलं. दोन हंगाम तिथे, तिसरा नव्यानंच सुरू झालेल्या मायामी हीटमध्ये, आणि संपलं. पंचविशीतच. कारणं बरीच सांगितली जातात: वजन, वेग, लांबून न बसणारा नेम. त्याच्या चाहत्यांशी यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांच्या लेखी पर्लची गोष्ट १९८३ ला सुरू होते आणि १९८६ ला संपते.

१९९५ मध्ये मेंदूत गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, तो उठला. पुढच्या वर्षी सिरॅक्यूजनं ३१ नंबरची जर्सी सन्मानानं निवृत्त केली. वीस वर्षांनी, २०१५ मध्ये, गाठ परत आली. पुन्हा शस्त्रक्रिया झाली, पण या वेळी आजार हटला नाही.

त्या हंगामात सिरॅक्यूजची पोरं सामन्याआधी वॉर्मअपला यायची ती 'पर्ल' आणि ३१ लिहिलेले शर्ट घालून. यातल्या एकाही पोरानं त्याला कॉलेजात खेळताना पाहिलेलं नव्हतं. तो खेळत होता तेव्हा ही जन्मालाही आली नव्हती. राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटात दहावं मानांकन मिळालेला तो संघ कुणाच्या ध्यानीमनी नसताना अंतिम चारात गेला. २ एप्रिल २०१६ ला ह्यूस्टनमध्ये नॉर्थ कॅरोलायनानं त्यांना हरवलं.

अठरा दिवसांनी, २० एप्रिलला, पर्ल गेला. वय ५२.

(पुन्हा १९८४ चं चित्रण. या वेळी आवाज बंद.)

हे परत एकदा पाहू. चेंडूकडे नको, त्याच्याकडे बघा. चेंडू अजून हवेत आहे. तो जाळीतून खाली येतो तेव्हाही पर्लचे पाय थांबत नाहीत. उजवीकडून कुणीतरी मिठी मारायला धावतंय, त्याच्या हाती काही लागत नाही. आणि मग चौकटीत उरते ती गर्दी, मैदानभर त्याला शोधणारी.