परत आलेलं पुस्तक वाचलं गेलं का?

(ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे. पुस्तकं जमवायची, जपायची, घरी वाचायला द्यायची, ही या शहराची सव्वाशे वर्षांहून जुनी सवय. आपल्या कुठल्याही ग्रंथालयात पुस्तकं किती बाहेर गेली हे विचारा, आकडा लगेच निघतो. ती घरी नेल्यावर किती पानं वाचली गेली, हे विचारलंत की आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो.

दोष आपल्या शिक्षणाचा आहे. बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, वर्गीकरण, तालिकीकरण (पुस्तकांच्या नोंदी घडवणं), आता कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर. वाचक भेटतो तो ‘उपभोक्ता’ म्हणून, एखाद्या प्रकरणापुरता. पुढे एम.लिब.च्या, म्हणजे पदव्युत्तर पदवीच्या, प्रबंधिकेत त्याच्या हातात प्रश्नावली देतात: ग्रंथालयात किती वेळा येता? संग्रहाबद्दल समाधानी आहात का? तो बिचारा ‘समाधानी’वर खूण करून सुटतो. मग टक्केवारी, मग पाय-चार्ट, मग पदवी.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची १९३१ ची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं तुम्हाला पाठ आहेत. ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ हे त्यातलं दुसरं. पुस्तक ओळखायला ड्युई, द्विबिंदू अशा वर्गीकरणाच्या पद्धती आहेत. वाचक ओळखायला आपण काय शिकवतो?

हा प्रश्न नवा नाही. त्याच सुमारास शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयशास्त्र विभागात डग्लस वेपल्स हेच शोधत होते. कोणत्या विषयांवर वाचायला आवडेल हे त्यांनी लोकांना विचारलं आणि मग लोक खरोखर काय वाचतात ते पाहिलं. दोन्हींचा मेळ फारसा बसेना. आवडीपेक्षा, सहज हाताशी काय येतं यावर बरंच अवलंबून होतं. पुढे संगणक आले, आपला विषय ‘माहिती’च्या मागे लागला आणि वाचन भाषा व मानसशास्त्रवाल्यांकडे गेलं. आपण ते खुशाल जाऊ दिलं.

आता आपल्याकडची दिवाळी अंक योजना घ्या. वर्षभर न फिरकणारे सभासद त्या दिवसांत अंक बदलायला काउंटरवर रांग लावतात. आपण लिहितो: देवघेव एक, देवघेव दोन. पण तो अंक घरी कुणी कुणी वाचला? आधी राशिभविष्य, मग हास्यचित्रं, आणि कथा? लांबलचक परिसंवाद कुणी उघडला तरी का? दिवाळी अंकात कथा वाचणारा माणूस एरवी कथासंग्रहाच्या कपाटाकडे का वळत नाही? १९०९ पासून चालत आलेली ही खास आपली वाचनरीत आहे. तिचा अभ्यास शिकागोहून येऊन कुणी करणार नाही.

दुसरं ठिकाण अभ्यासिका. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळीच जागा धरतात. पुस्तकं स्वतःची, नोट्स झेरॉक्स केलेल्या, उरलेलं मोबाइलवरच्या पीडीएफमध्ये. आपण मात्र त्यांच्या सह्या मोजून ‘वाचक उपस्थिती’ भरतो. कागद आणि पडदा यांवरच्या वाचनाची तुलना करणाऱ्या ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. सहभागी १ लाख ७० हजारांहून अधिक. माहितीपर मजकूर असेल आणि वेळेचं बंधन असेल, तर आकलनात कागद सरस ठरला. निव्वळ कथनपर मजकुरात मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे ठाणे-वाशी लोकलमध्ये ‘प्रतिलिपी’ या कथांच्या ॲपवरची कथामालिका वाचणारीला नाकं मुरडायचं कारण नाही. काळजी करायची तर अभ्यासिकेतल्या पीडीएफवाल्याची. त्याच्यासाठी त्याच संदर्भपुस्तकाच्या चार जादा प्रती घ्याव्यात का? ग्रंथपालाच्या रोजच्या कामातला हा निर्णय आहे, आणि तो घ्यायचा तर अशी संशोधनं वाचता यायला हवीत, ती आपल्या टेबलांवर तपासता यायला हवीत.

‘अभ्यासक्रमात जागा कुठे आहे?’ असं प्राध्यापक मंडळी विचारतील. तालिकीकरणाच्या प्रात्यक्षिकांत आहे. कितीतरी ग्रंथांच्या नोंदी आज तयार उतरवून घेता येतात; प्रत्येक नोंद हाताने घडवण्यात पूर्वीइतके तास घालवायची गरज उरलेली नाही. त्यातले निम्मे तास वाचनसंशोधनाला द्या. हे ऐकून काही जण रागावतील, रागावू देत. विद्यार्थ्याला एका सभासदामागे महिनाभर लावा, अर्थात त्याच्या परवानगीने आणि नाव गुप्त ठेवून. पुस्तक परत आलं की दंड बघण्याआधी विद्यार्थ्याने सभासदाशी गप्पा माराव्यात: कुठवर वाचलंत, कुठे कंटाळलात, घरात आणखी कुणी चाळलं? पन्नासाव्या पानात अडकलेला तिकिटाचा कपटाही बरंच सांगतो, पण त्यावर विसंबू नका. माणसं पुढे वाचतात आणि खूण तिथेच विसरतात. म्हणून विचारायचं. आणि प्रबंधिकेच्या तोंडी परीक्षेत पाय-चार्ट बाजूला ठेवून आधी या सभासदाबद्दल प्रश्न घ्यायचे.