दोन नर, एक कुंपण

[पडद्यावर: खेळातलं दृश्य. पाइनची झाडं, दगडांची उतरंड, लांडग्यांची टोळी. कडेला सूचना चमकते.]

संगणकावरच्या खेळातल्या माझ्या प्राणिसंग्रहालयात ही टोळी आहे, सात लांडग्यांची. बाप, आई आणि त्यांची पाच पिल्लं. पिल्लं म्हणायची सवय लागलीय म्हणून म्हणतोय. मी पलीकडे आइस्क्रीमच्या दुकानाला कोणता रंग द्यावा याचा विचार करत बसलो होतो, तेवढ्यात त्यातले दोन नर वयात आले. आता थोरला बापाच्या अंगावर धावून गेलाय. दोघं मागच्या पायांवर उभे राहतात, एकमेकांच्या मानेला तोंड घालतात. काही सेकंदांत एक जण लंगडत बाजूला होतो.

खेळ मला सांगतो: दोन प्राणी प्रमुखपदासाठी भांडत आहेत.

हा खेळ म्हणजे प्लॅनेट झू. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीनं तो ५ नोव्हेंबर २०१९ रोजी बाजारात आणला. प्राणिसंग्रहालय बांधायचं, चालवायचं, तिकिटं विकायची, प्राण्यांची पैदास करायची. बघायला देखणा खेळ आहे. हत्तीच्या कातडीवरच्या सुरकुत्या मोजता येतील इतका. पण नवख्या माणसाला पहिल्या आठवड्यात रडवते ती ही हाणामारी.

[पडद्यावर: पशुवैद्य जखमी लांडग्याला उचलून दवाखान्यात नेतो.]

नवखा काय करतो? पशुवैद्याला बोलावतो. जखम बरी होते, लांडगा परत कुंपणात येतो आणि पुन्हा भांडतो. मग नवख्याला वाटतं, प्राणी कंटाळले असतील. तो खेळणी आणून टाकतो, हाडं टाकतो, वासाच्या वस्तू ठेवतो. भांडण चालूच. मग तो कुंपण उंच करतो, भिंत जाड करतो. त्यानं फार तर लांडगा बाहेर पडायचा थांबेल. आत जे चाललंय ते चालूच राहतं, फक्त जास्त भक्कम भिंतीच्या आत.

मीही हे सगळं केलंय. एकाच संध्याकाळी.

उत्तर खेळातच असतं, पण ते वाचायला लागतं. प्रत्येक प्राण्यासाठी झूपीडिया नावाची माहितीची पानं आहेत. तिथं लिहिलेलं असतं की या जातीचा कळप किती जणांचा, त्यात मोठे नर किती चालतात, माद्या किती, आणि नुसत्या नरांचा गट केला तर तो किती मोठा असावा. गोरिलाचं पान उघडा, लांडग्याचं उघडा, सिंहाचं उघडा. प्रत्येकाचं गणित वेगळं. वाघ तर मुळात एकटा राहणारा. या आकड्यांच्या बाहेर गेलात की प्राणी आधी अस्वस्थ होतात आणि मग भिडतात.

म्हणजे थोरला लांडगा चिडका नव्हता. मीच मोजायला चुकलो होतो.

[पडद्यावर: खेळ थांबवलेला. कुंपणातल्या प्राण्यांची यादी, वयाचा रकाना.]

म्हणून मुरलेला खेळाडू पहिली गोष्ट करतो ती म्हणजे खेळ थांबवतो. प्लॅनेट झूमध्ये वर्ष काही मिनिटांत सरतं, त्यामुळे चालत्या खेळात विचार करणं म्हणजे धावत्या लोकलमध्ये हिशोब लिहिणं. थांबवल्यावर कुंपणातल्या प्राण्यांची यादी काढायची आणि वय बघायचं. कोण वयात आलंय, कोण येऊ घातलंय. नर वयात यायच्या आधीच त्याला उचलून ट्रेड सेंटरमध्ये पाठवायचं. तिथून तो दुसऱ्या खेळाडूला देता येतो, रानात सोडता येतो, किंवा दुसऱ्या कुंपणात नेऊन ठेवता येतो. माद्यांना गर्भनिरोधक सुरू करायचं, म्हणजे पुढच्या वर्षी हाच प्रसंग पुन्हा उभा राहणार नाही. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात. पिल्लं गोड असतात, प्रेक्षक वाढतात, गल्ल्यात भर पडते. दोन वर्षांनी बिल येतं.

जागा हाही त्याच गणिताचा भाग. एकेक मोठा प्राणी वाढला की लागणारी जमीन वाढते. आणि बघ्यांचा त्रास होणारे प्राणी असतील तर त्यांना लपायला जागा हवी, दाट झाडी हवी, आतून बाहेरचं दिसणार नाही अशी काच हवी. चारही बाजूंनी प्रेक्षकांचा रस्ता काढणारे खेळाडू मी पाहिलेत. कागदावर तो नकाशा फार सुंदर दिसतो. प्राण्याला पाठ टेकायला कोपरा उरत नाही.

स्वित्झर्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी नेमकं हेच मांडलं. बर्न, बाझेल आणि झुरिक अशा तीन प्राणिसंग्रहालयांचे ते संचालक होते. त्यांनी सांगितलं की प्रत्येक जंगली प्राण्याचं एक अंतर ठरलेलं असतं. तुम्ही त्याच्या आत शिरलात की तो पळतो. पळायला वाट नसेल आणि तुम्ही आणखी जवळ गेलात, की तो उलटून हल्ला करतो. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना यासाठी स्वित्झर्लंडला जावं लागलं नाही; मांजराला कोपऱ्यात कोंडू नये, हे ती सांगतच आलीत. पण हेडिगरांनी त्या शहाणपणावरून पिंजऱ्याची मापं बदलायला लावली, ते मोठं काम.

[पडद्यावर: जुन्या, सपाट चित्रांचा खेळ. प्राण्यांच्या डोक्यावर लाल चेहरे.]

प्लॅनेट झूच्या आधी झू टायकून होता, २००१ सालचा. तिथं गणित सोपं होतं. सिंहाच्या कुंपणात झेब्रा सोडला तर सिंह त्याला खाणार. प्राणी नाखूश असेल तर डोक्यावर लाल चेहरा. आणि कुंपण काढून टाकून सिंहांना गर्दीत सोडायचा उद्योग, खरं सांगा, कोणी केला नाही? प्लॅनेट झूमध्येही प्राणी सुटतात. लोक किंचाळत पळतात, पशुवैद्य गुंगीचं इंजेक्शन मारतो, प्रकरण मिटतं.

खऱ्या प्राणिसंग्रहालयात प्रकरण असं मिटत नाही.

[पडद्यावर: करडे दगड, मोकळं आकाश. पायाखाली खडीचा आवाज.]

लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात १९२५ साली एक कृत्रिम टेकडी बांधली गेली. मंकी हिल. गज नाहीत, वर मोकळं आभाळ, भोवती खंदक. त्या काळच्या मानानं अत्यंत पुरोगामी कल्पना. त्यात सुमारे शंभर हमाद्रयास बबून सोडले; ही मोठ्या माकडांची एक जात. सगळे नरच ठेवायचे असं ठरलं होतं, पण त्यांच्यात काही माद्याही येऊन पडल्या. त्या मूठभर माद्यांवरून नर भिडले. १९२७ साली व्यवस्थापनानं उपाय म्हणून आणखी ३० माद्या आत सोडल्या.

माझ्या खेळण्यांच्या ढिगासारखाच उपाय होता तो. हेतू चांगला, हिशोब चुकलेला.

एकेका मादीसाठी अनेक नर एकाच वेळी झोंबायचे, तिला ओढायचे. १९३० पर्यंत टेकडीवर ३३ माद्या मेल्या. त्यातल्या ३० मारामारीत. तिथं निरीक्षण करणारे शास्त्रज्ञ सॉली झुकरमन यांनी १९३२ साली आपले निष्कर्ष छापले, आणि पुढची कितीतरी वर्षं लोकांना वाटत राहिलं की माकडांचा समाज म्हणजे हाच: मादीवरून रक्तपात.

१९६०च्या दशकात स्विस संशोधक हान्स कुमर इथिओपियात रानातल्या हमाद्रयास बबूनांच्या मागे मागे हिंडले. तिथं त्यांना दिसलं की एक नर, त्याच्या मोजक्या माद्या आणि पिल्लं असा घट्ट घटक असतो. अशा अनेक घटकांची मिळून मोठी टोळी. मादी लांब गेली की नर तिच्या मानेला चावून तिला परत आणतो, हे खरंच. पण ओळखीचा नर दुसऱ्याच्या मादीला सहसा हात लावत नाही. टेकडीवर मात्र सगळे एकमेकांना अनोळखी, नर ढीगभर, माद्या थोड्या, आणि हरलेल्याला जायला जागा नाही. झूपीडिया तेव्हा असता तर ते पान लाल झालं असतं.

[पडद्यावर: पुन्हा खेळातले लांडगे. बाप बर्फावर बसलेला.]

पण झूपीडियावरही डोळे झाकून विसंबू नका. आमच्या खेळातल्या लांडग्यांचं भांडण ज्या कल्पनेवर उभं आहे, ती अल्फा लांडग्याची, म्हणजे भांडून टोळीचा प्रमुख होणाऱ्या लांडग्याची, कल्पनाही एका पिंजऱ्यातच जन्मली. संशोधक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली लांडग्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. कुठले लांडगे? बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले. दहा मीटर बाय वीस मीटरच्या जागेत एका वेळी दहापर्यंत लांडगे. म्हणजे साधारण एकवीसशे चौरस फूट. पुण्यातले दोन-तीन टू-बीएचके जोडले तर होईल तेवढी जागा. त्यात दहा लांडगे कोंडल्यावर ते पदासाठी भांडणार नाहीत तर काय करतील?

अमेरिकी संशोधक डेव्हिड मीच (Mech) यांनी १९७० साली लांडग्यांवर लिहिलेल्या पुस्तकानं ही कल्पना जगभर पोचवली. मग त्यांनीच कॅनडाच्या अतिउत्तरेकडच्या एल्समियर बेटावर वर्षानुवर्षं उन्हाळे काढून रानातले लांडगे पाहिले. १९९९ साली त्यांनी लिहिलं की रानातली टोळी म्हणजे बहुतेक वेळा साधं कुटुंब असतं, आई, बाप आणि त्यांची मुलं. मुलं मोठी झाली की बापाला पाडत बसत नाहीत. निघून जातात. जोडीदार शोधतात, आपलं कुटुंब मांडतात. आपल्याच जुन्या पुस्तकाची छपाई थांबवा, असं ते प्रकाशकाला कितीतरी वर्षं विनवत होते. स्वतःचं खपणारं पुस्तक बंद करा म्हणणारा लेखक मला दुसरा माहीत नाही.

तर माझ्या थोरल्या लांडग्याला खरं तर भांडायचं नव्हतंच. त्याला जायचं होतं. कुंपण मी घातलं होतं. खेळानं त्याला नाव दिलं प्रमुखपदाची लढाई. मी म्हणेन, घर सोडायच्या वयाला दार बंद मिळालेलं पोरगं.

[पडद्यावर: लोखंडी जाळीचं सरकतं दार, मागे रिकामी खोली.]

खऱ्या कीपरांचं, म्हणजे प्राणी सांभाळणाऱ्या माणसांचं, निम्मं कौशल्य या दारांत असतं. मागच्या बाजूला वेगळ्या खोल्या, मध्ये सरकती दारं. नवा प्राणी आला की आधी फक्त वास, मग जाळीतून दर्शन, मग थोडा वेळ एकत्र, दाराशी माणसं तयार. दिवस लागतात, कधी महिने. खेळात हे सगळं एका क्लिकमध्ये होतं, आणि खेळ म्हणून ते ठीकच आहे. गोरिलाच्या बाबतीत तर अडचण जन्मापासूनची. पिल्लं निम्मी नर, निम्मी मादी. कुटुंबाला मोठा नर लागतो एक. उरलेल्यांचं काय? म्हणून काही प्राणिसंग्रहालयं फक्त नरांचे गट सांभाळतात. ते जमवणं सोपं नाही, पण जमतं.

आणि कधी जमवायचंच नाही असं ठरतं. मार्च २०१४ मध्ये कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयानं चार सिंह मारले. दोन म्हातारे, दोन दहा महिन्यांचे छावे. नवा तरुण नर आणायचा होता. तो आला असता तर छाव्यांना जिवंत ठेवलं नसतं, असं संग्रहालयाचं म्हणणं होतं. सिंहांबद्दल ते म्हणणं चुकीचं नाही. नवा नर कळपात आला की आधीच्या नराची पिल्लं मारतो, हे रानातही घडतं. जगभरातून शिव्या पडल्या. माझं मत विचाराल तर, छाव्यांना त्या नराचा धोका होता हे मला पटतं. पण तो नर आणायची तारीख सिंहांनी ठरवली नव्हती.

[पडद्यावर: ट्रेड सेंटरची यादी. एका ओळीवर कर्सर थांबतो.]

माझा थोरला लांडगा सध्या इथं आहे, ट्रेड सेंटरमध्ये. बाप बरा झाला. धाकट्यालाही वेळेत उचललं, त्याला एका खेळाडूनं नेलं. थोरल्यासाठी पलीकडच्या टेकडीवर दुसरं कुंपण बांधतोय, जोडीला कोणत्याही नात्यातली नसलेली मादी शोधतोय. दगड अजून लागायचेत, पाणी सोडायचंय. घाई नाही. या खेळात ट्रेड सेंटरमध्ये ठेवलेल्या प्राण्याचं वय वाढत नाही. कालही तो दोन वर्षांचा होता, आजही दोनच वर्षांचा आहे.

[पडदा काळा. दुरून लांडग्याची कोल्हेकुई नव्हे, लांब विव्हळणं. आवाज हळूहळू विरतो.]