हॅपी अवर कसा बंद पाडला

दारू चांगली का वाईट यावर मी आज बोलणार नाहीये, ते आपल्याला घरी ऐकायला मिळतंच. (हशा) बोलायचंय ते ऑफर्सबद्दल. हॅपी अवर, एकावर एक फ्री, एकदा पैसे भरा आणि रात्रभर पाहिजे तेवढी प्या, हे सगळं बार आणि नाइटक्लबवाले करतात, आणि सरकारला ते थांबवायचं असेल तर नेमकं थांबवायचं काय? मी उदाहरण घेतो स्कॉटलंडचं, कारण ज्यांची व्हिस्की जगभर जाते त्यांनीच हे केलं.

तिथला लायसन्सचा कायदा २००५ चा, पूर्ण लागू झाला सप्टेंबर २००९ मध्ये. एका ड्रिंकवर दुसरं फुकट बंद, ठरावीक पैशात अनलिमिटेड बंद, पटापट पिण्यावर बक्षीस बंद, हे तर झालंच. पण खरी गंमत ७२ तासांच्या नियमात आहे. बारनी एकदा ड्रिंकचा भाव लावला की ७२ तास तो बदलायचा नाही, बस एवढंच. स्वस्त विकू नका असं हा नियम म्हणतच नाही! तुला बिअर निम्म्या भावात द्यायचीय ना, दे बाबा, पण मग सलग तीन दिवस दे, शुक्रवारी रात्री पाय ठेवायला जागा नसते तेव्हाही त्याच भावात दे. आता कोण देणार? हॅपी अवरचा धंदाच असा की रिकाम्या वेळेला गिऱ्हाईक आत ओढायचं, आणि सात वाजले की भाव वाढणार म्हणून ते बिचारं सातला पाच कमी असताना अजून दोन मागवून ठेवतं. पुण्या-मुंबईत मधल्या वारी लेडीज नाइट असते, म्हणजे त्या रात्री बायकांना दारू स्वस्त किंवा फुकट, तिला हा नियम मनातल्या मनात लावून बघा.

इंग्लंडनी २०१० मध्ये मऊ नियम आणले, हॅपी अवर सरसकट बंद नाही केला, पण दुसऱ्यानं थेट तोंडात दारू ओतायची, ज्याला ते डेंटिस्टची खुर्ची म्हणतात, ते बंद केलं. फुटबॉलवाल्यांना आठवेल, १९९६ च्या युरोमध्ये इंग्लंडच्या गॅस्कॉइननी गोल मारल्यावर मैदानात आडवं पडून ह्याचीच नक्कल केली होती, आणि तो गोल होता नेमका स्कॉटलंडविरुद्ध.

बरं, स्कॉटलंडमध्ये बार आवळले म्हणून लोक कमी प्यायला लागले का? सुपरमार्केटमध्ये दारू बारपेक्षा कितीतरी स्वस्त, त्यामुळे पोरं घरीच पिऊन तर्र होऊन मग क्लबला जायची. मग २०११ मध्ये दुकानातल्या 'तीन घ्या कमी पैशात' वाल्या ऑफर्स बंद केल्या, तर दुकानदार सुटी बाटलीच स्वस्त विकू शकत होते, त्याला कोण अडवणार! शेवटी किमान भाव आणावा लागला. कायदा २०१२ ला पास झाला, व्हिस्कीवाल्यांची संघटना कोर्टात गेली, सुप्रीम कोर्टाचा निकाल यायला नोव्हेंबर २०१७ उजाडलं आणि १ मे २०१८ पासून एका युनिटला, म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोलला, कमीत कमी ५० पेन्स. ४० टक्क्यांची ७०० मिलीची बाटली घ्या, त्यात २८ युनिट, म्हणजे तेव्हा १४ पौंडाच्या खाली विकताच यायची नाही. सप्टेंबर २०२४ पासून ६५ पेन्स झालेत, तीच बाटली आता किमान १८ पौंड २० पेन्स.

तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा अभ्यास सांगतो की थेट दारूमुळे होणारे मृत्यू, हा कायदा नसता तर जितके झाले असते त्यापेक्षा १३.४ टक्क्यांनी कमी झाले. माझ्या मते हा आकडा लहान नाही. पण ज्यांना दारूचं व्यसनच लागलंय त्यांच्यावर फारसा परिणाम दिसला नाही, त्यातले काही जण तर जेवणाचे पैसे वाचवून दारू घ्यायला लागले. आणि हा टॅक्स नाही, त्यामुळे वाढीव भावाचा पैसा सरकारकडे न जाता धंदेवाल्यांच्याच खिशात जातो, आणि तो काढून व्यसनमुक्तीला लावायचा का, यावर तिकडे अजून भांडण चालू आहे.