स चा ह, ह चा ज़

(दृश्य : फळा. खडू धरलेला हात, अगदी जवळून.)

वरची ओळ कानाने वाचा.

तेम् अमवन्तेम् यज़तेम्, सूरेम् दामोहु सेविश्तेम्, मिथ्रेम् यज़ाइ ज़ओथ्राब्यो.

ही अवेस्ताची भाषा. पारशी धर्मग्रंथातली, मिहिर यश्त या मिथ्राच्या स्तोत्रातली ओळ. आता बाईंचा हात खाली येतोय.

तम् अमवन्तं यजतं, शूरं धामसु शविष्ठम्, मित्रं यजै होत्राभ्यः.

हे संस्कृत. शब्दाला शब्द, विभक्तीला विभक्ती. बलवान, पूजनीय, सगळ्या सृष्टीत सर्वांत समर्थ अशा मित्राला मी आहुतींनी पूजतो, एवढाच दोन्हींचा अर्थ.

'धामसु'भोवती गोल पडला. वर त्याच जागी 'दामोहु' आहे. ध चा द झाला आणि शेवटच्या सु चा हु. 'होत्रा'कडे बघा : ह चा ज़, त्र चा थ्र. यात लहर कुठेच नाही. सप्त तिकडे हप्त, सोम हओम, असुर अहुर. हस्त ज़स्त, अहम् अज़ेम्. आठवडाभर या वर्गात बसलं की कान आपोआप बदल करायला लागतो. आमच्या कॅमेरामनचाही लागला.

(दृश्य : पैठणीचा काठ, उन्हात.)

संस्कृतातलं हिरण्य म्हणजे सोनं. अवेस्तात ज़रन्य. फारसीत ज़र. आणि हा काठ जरीचा. सहस्राचा इराणी भाऊ हजार. सप्ताहाचा हप्ता, बँकेत भरतो तो, आणि बाजारात दमदाटी करून उकळतात तोही. हे शब्द फारसीतून आपल्याकडे आले, आणि आले तेव्हा त्यांचे सख्खे भाऊ संस्कृताच्या रूपानं घरात आधीच बसलेले होते. ओळख मात्र कुणी करून दिली नाही.

(दृश्य : मुंबई, फोर्ट. लायन गेटसमोरची इमारत, आतली पुस्तकांची कपाटं.)

ही के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट, स्थापना १९१६. ज्यांच्या नावानं ती उभी आहे ते खरशेदजी रुस्तमजी कामा मॅडम कामांचे सासरे. माणूस व्यापारी पेढीतला. धंद्यासाठी विलायतेला गेले आणि परतताना पॅरिस, एर्लांगेन इथल्या पंडितांकडून अवेस्ता आणि पहलवी, म्हणजे अवेस्तानंतरच्या काळातली इराणी भाषा, शिकून आले. १८६१ साली मुंबईत त्यांनी तरुण पारशी पुरोहितांना घेऊन वर्ग सुरू केला. या मुलांना यस्नाचे, म्हणजे पूजाविधीत म्हणायच्या पाठाचे, ७२ अध्याय तोंडपाठ असायचे. पण शब्द फोडायचा कसा, कुठला प्रत्यय कशासाठी, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. वेदपाठशाळेत वाढलेल्यांना ही गोष्ट अनोळखी वाटणार नाही.

(दृश्य : पुणे, विश्रामबागवाडा. सुरूच्या झाडाच्या आकाराचे लाकडी खांब, सकाळचं ऊन.)

खांब पाहून घ्या. सुरू हे नावही इराणकडचंच.

या वाड्यात १८२१ साली सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेचं पुढे पूना कॉलेज झालं. १८५९ साली तिथे संस्कृत शिकवायला मार्टिन हाऊग हे जर्मन पंडित आले. एका हातात वेद, दुसऱ्या हातात अवेस्ता. नुसत्या पोथ्यांवर त्यांचं समाधान होईना. एका श्रौती ब्राह्मणाला गाठून त्यांनी यज्ञातले विधी करून दाखवायला लावले, प्रातःसवनापासून, म्हणजे सकाळी सोम कुटून रस काढण्यापासून, सोम कसा गाळतात ते समजून घेतलं, आणि रस चाखलाही. पांढरट, तुरट, कडू. पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, पण काही चमच्यांपुढे मजल गेली नाही! पारशी धर्मग्रंथांवरचे त्यांचे निबंध १८६२ साली मुंबईत छापले गेले. भांडण कुठे झालं, हा प्रश्न त्यांना छळत होता. इकडे देव पूजनीय आणि असुर दुष्ट. तिकडे अहुर पूजनीय आणि दएव दुष्ट. बरं, ऋग्वेदात वरुणालाही मानानं असुर म्हटलंय. भांडणाची त्यांनी लावलेली संगती आज सगळे मानत नाहीत. प्रश्न जिवंत आहे.

(दृश्य : पुस्तकाचं पान उलटणारं बोट.)

अवेस्ता, देवनागरी लिपीत. पुणे, १९६२, वैदिक संशोधन मंडळ. वेदांचं काम करणाऱ्यांनी हे छापलं, यातच सगळं आलं. पानाची कड पिवळी पडलीय, अक्षर अजून ठसठशीत.

इराणहून आलेल्या मेहेरबान कैखुश्रूंनी १३२३ साली खंभातला उतरवलेल्या यस्नाच्या पोथ्या कोपनहेगन आणि ऑक्सफर्डला आहेत. त्या दाखवता येत नाहीत. अवेस्ताचे वर्ग कमी झाले, शिकवणारे कमी झाले.

(दृश्य : पहाट. अग्यारीचं दार, दोन्ही बाजूंना मनुष्यमुखी, पंखांचे बैल.)

इथून पुढे बिगरपारशांना प्रवेश नाही. कॅमेरा रस्त्यावरच थांबला. सकाळच्या या प्रहराला पारशी हावन गाह म्हणतात. यस्नाचा विधी याच वेळी होतो, धातूच्या खलात हओम कुटतात.

(दृश्य : पुन्हा वर्ग.)

बाईंनी फळ्यावर 'हावन' लिहिलं आणि खालची जागा मोकळी सोडली. दुसऱ्या बाकावरची मुलगी उठली. खडू घेतला.

पहिलं अक्षर काढलं, स.