टँकरचा घरधंदा: मळीपासून इथेनॉलपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार. निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी, अथणी या पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की उसाने लादलेले ट्रॅक्टर सर्वांच्या नजरेत भरतात; परंतु त्याच कारखान्यांतून मळी म्हणजे साखर काढल्यावर उरणारा दाट, काळसर पाक, तसेच स्पिरिट आणि इथेनॉल घेऊन निघणाऱ्या टँकरांकडे आपले फारसे लक्ष जात नाही. टँकरचा धंदा अनेकदा एखाद्या घराचा असतो: वडिलांनी एक गाडी घ्यायची आणि मुलांनी ती वाढवायची. गाड्या वाढल्या म्हणजे धंदा वाढला, असे मात्र मी मानत नाही. कोणता द्रव, कोणत्या टाकीत, किती भरून न्यायचा हे ज्या घराला नेमके कळते, तेच घर या धंद्यात टिकते.

एक लिटर मळीचे वजन सुमारे १.४ किलो भरते, तर इथेनॉलचे जेमतेम ०.७९ किलो. म्हणजे २०,००० लिटरच्या टाकीत इथेनॉल सुमारे १६ टन मावते, आणि मळी भरली तर ती २८ टन होते. तीन आसांच्या ट्रकला २०१८ पासून गाडीच्या वजनासह २८.५ टनांची मर्यादा आहे. तेव्हा अशा गाडीवरील ही टाकी मळीने काठोकाठ भरणे शक्यच नाही. अर्धवट भरलेली टाकी मात्र अधिक धोक्याची, कारण अर्धी घागर डुचमळावी तसा आतला द्रव ब्रेक लावताच पुढे धावतो आणि वळणावर एका अंगाला झुकतो. म्हणून टाकीत कप्पे करतात आणि भोके पाडलेले आडवे पत्रे बसवतात. निपाणीजवळचा तवंदी घाट उतरताना या पत्र्यांचे मोल चालकाला कळते, आणि ज्या मालकाने स्वतः कधी काळी गाडी चालवली आहे, तो त्यांच्या दुरुस्तीत काटकसर करत नाही.

इथेनॉलची गोष्ट वेगळी. ते चटकन पेट घेते, म्हणून भरण्यापूर्वी गाडीला अर्थिंगची तार जोडावी लागते, आणि असा ज्वालाग्राही माल नेणाऱ्या चालकाला विशेष प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. २००३ मध्ये पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम सुरू झाला, २०२२ मध्ये मिश्रण १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. त्यामुळे साखर पट्ट्यातील टँकरांना मोठे काम मिळाले. तथापि डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले, ते पुढील वर्षी ऑगस्टमध्ये उठले. सरकारच्या एका आदेशाने खेपा कमी होऊ शकतात, हे कर्ज काढून एकदम अनेक गाड्या घेणाऱ्याने आधीच हिशेबात धरायला हवे.

खरी अडचण परतीच्या भाड्याची आहे. साधा ट्रक बेंगळुरूला साखर उतरवून दुसरा माल घेऊन येईल. टँकर बहुधा रिकामाच परततो, कारण मळीच्या टाकीत दूध भरता येत नाही. दुधाला स्टेनलेस स्टीलची, थंडावा टिकवणारी आणि प्रत्येक खेपेनंतर आतून धुतलेली टाकीच लागते. म्हणून भाडे ठरवतानाच जाण्यायेण्याचे दोन्ही अंतर धरावे लागते. शिवाय डिझेल आणि टायर रोखीने घ्यावे लागतात, कर्जाचा हप्ता बाराही महिने भरावा लागतो, आणि उसाचा हंगाम मात्र काही महिन्यांचाच असतो. त्यामुळे मला असे वाटते की, पुढच्या गाडीची निवड करताना घराने आणखी एक मळीचा टँकर घेण्याआधी वर्षभर चालणाऱ्या दुधाच्या वाहतुकीचा विचार करावा, मग ती टाकी कितीही महाग पडो.