जमा आणि नावे : वाई ते जोरहाट

(दृश्य : वाईचा घाट, नोव्हेंबरमधली सकाळ.)

नोव्हेंबरच्या मध्यावर वाईत सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. कृष्णेवरचे धुके तोवर पुरते विरलेले नसते, ढोल्या गणपतीच्या देवळाचा कळस आधी उजळतो आणि मग घाटाच्या पायऱ्या एकेक करून उन्हात येतात. हे सारे जिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते, ती अडतीस वर्षांची आहे, अविवाहित आहे आणि गेली बारा वर्षे एका सरकारी बँकेत लिपिक म्हणून काम करते आहे. आपले नाव आणि चेहरा चित्रणात येऊ नये, एवढी एकच अट तिने घातली. म्हणून आमचा कॅमेरा बराच वेळ तिच्या हातांवर राहिला आहे.

हे हात पाहावेत. नोटांचे पुडके सोडून, ओल्या स्पंजाला बोट लावून, शंभर नोटा ती यंत्राशिवाय मोजते आणि मग खात्रीसाठी यंत्रात टाकते. काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या आजींना पेन्शन आली की नाही हे त्यांनी विचारण्याआधीच ती सांगते. बारा वर्षांत कोणाची सही कशी वळते, कोणाला चष्म्यावाचून दिसत नाही आणि कोणाचा मुलगा कुठे असतो, हे सारे तिला ठाऊक झाले आहे.

लिपिकाची भरती राज्यनिहाय होते आणि त्याला त्या राज्याची भाषा यावी लागते, त्यामुळे लिपिक सहसा आपल्याच मुलखात राहतो. अधिकाऱ्याचे तसे नसते. राष्ट्रीयीकृत बँकांच्या अधिकाऱ्यांचे सेवानियम १९७९ चे आहेत आणि त्यांतील सत्तेचाळिसाव्या कलमानुसार अधिकाऱ्याची बदली देशातील कोणत्याही शाखेत होऊ शकते. लिपिकपदावरून अधिकारीपदाच्या पहिल्या पायरीवर, म्हणजे बँकेच्या बोलीत ‘स्केल वन’वर, जाणारा प्रत्येक जण हे कलम मान्य करूनच परीक्षेला बसतो. ती तीन वर्षे अभ्यास करून बसली आणि पास झाली. यादीत तिच्या नावासमोर आसामातले जोरहाट हे गाव होते. वाईपासून जोरहाट रस्त्याने सुमारे तीन हजार किलोमीटर आहे.

या नियमाविरुद्ध तिची तक्रार नाही, आणि आमचीही नाही. १९६९ च्या जुलैमध्ये १४ आणि १९८० च्या एप्रिलमध्ये आणखी ६ बँका राष्ट्रीयीकृत झाल्या, त्यानंतर जिथे पूर्वी फक्त सावकार होता तिथे शाखा उघडल्या गेल्या, आणि त्या शाखा चालवायला कोणी ना कोणी घर सोडून गेलेच. प्रश्न आहे तो जाणाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते याचा. पती-पत्नींना शक्यतो एकाच ठिकाणी नेमावे, अशी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे १९८६ पासून आहेत. सरकारी बँकांमधील महिलांसाठी अर्थ मंत्रालयाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये जो सल्ला दिला, त्यात विवाहितेला पतीच्या आणि अविवाहितेला आईवडिलांच्या गावाजवळ शक्य तितके सामावून घ्यावे असे म्हटले आहे. त्या सल्ल्याची प्रत तिच्या पिशवीत आहे. आधी जोरहाटला रुजू व्हा आणि मग अर्ज करा, असे तिला कार्यालयातून सांगण्यात आले. सांगणाऱ्याने त्याला जोडून आणखी एक वाक्य उच्चारले, जे ती गेली कित्येक वर्षे ऐकत आली आहे : “तुम्हाला काय मॅडम, तुम्ही एकट्याच आहात.”

(दृश्य : स्वयंपाकघर. आई लसूण सोलते आहे.)

तिची आई त्र्याहत्तर वर्षांची आहे. उजव्या गुडघ्याची वाटी बदललेली आहे, डावा गुडघा अजून जुनाच आहे. भाऊ पुण्यात नोकरी करतो, त्याला दोन मुले आहेत, आणि बढतीची बातमी कळली त्या रात्री त्यानेही फोनवर जवळजवळ तेच शब्द वापरले : “ताई, तू एकटी आहेस, तुला आईजवळ राहणं सोपं आहे.” एकच शब्द एकीकडे तिला जायला सांगतो आणि दुसरीकडे थांबायला सांगतो. कार्यालयाने त्याचा अर्थ पाश नसलेली असा घेतला आणि घराने हाताशी असलेली असा घेतला. ज्यांना जोडीदार आहे त्यांच्या घरी असा निर्णय दोघे मिळून, भांडून का होईना, घेतात. तिच्या बाजूने बोलायला दुसरे कोणी नसते, म्हणून तिने वही काढली.

वहीच्या पानावर तिने मधोमध रेघ मारली आहे आणि डावीकडे ‘जमा’, उजवीकडे ‘नावे’ असे लिहिले आहे. हिशेबनीसाच्या सवयीने तिने आधी आकडे मांडले. २०२४ च्या मार्चमध्ये झालेल्या वेतनकरारानंतर नव्या लिपिकाचे मूळ वेतन २४,०५० रुपयांपासून आणि नव्या अधिकाऱ्याचे ४८,४८० रुपयांपासून सुरू होते, पण बारा वर्षांच्या वेतनवाढी घेतलेल्या लिपिकाला प्रत्यक्ष मिळणारी वाढ दुपटीच्या जवळपासही जात नाही. घराचे भाडे बँक भरणार आहे. घर शोधायचे मात्र तिने, आणि एकट्या बाईला ते देणारा मालकही तिनेच शोधायचा. वर्षातून दोनदा विमानाने येणे-जाणे आणि आईजवळ रात्री राहणाऱ्या बाईंचा पगार हे दोन आकडे ‘नावे’ बाजूला पडताच पगारातली वाढ संपते.

जमेच्या बाजूला शेवटी जे उरते ते पैशांत मांडता येत नाही, आणि तिने ते मांडलेलेही नाही. ‘स्वतःच्या सहीने कर्ज मंजूर करता येईल’ एवढेच तिथे लिहिले आहे. आम्हाला या पानावरची ही सर्वांत महत्त्वाची नोंद वाटते. आईचे औषध, भाच्याची फी, शेजाऱ्यांचे अर्ज हे सारे बारा वर्षे सांभाळताना या बाईने स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट आहे.

बढती नाकारता येते. तिच्या बँकेत नाकारणाऱ्याला पुढची काही वर्षे परीक्षेला बसता येत नाही. उत्तर कळवायला एकोणीस दिवस उरले होते, तेव्हा तिने आठ दिवसांची रजा टाकली आणि आधी गाव पाहून येते असे आईला सांगितले.

(दृश्य : रेल्वेच्या खिडकीतून आसाम. भातकापणी, सुपारीची झाडे, पत्र्याची घरे.)

पुण्याहून गुवाहाटीपर्यंत विमान आणि तिथून पुढे रेल्वे, असा हा प्रवास आहे. खिडकीबाहेरची कापणीला आलेली भातशेती तिला मेणवलीकडच्या शेतांसारखी वाटली. घरे मात्र तिने पूर्वी पाहिली नव्हती. आसामात जुनी घरे हलकी बांधतात. लाकडी चौकट, तिच्यात बसवलेल्या इकरा नावाच्या बोरूच्या भिंती, वरून मातीचा गिलावा आणि डोक्यावर उतरता पत्रा, अशी ही घरे १८९७ आणि १९५० चे मोठे भूकंप पाहिलेल्या मुलखाने आपल्या अनुभवातून स्वीकारली आहेत.

जोरहाटमध्ये तिने तीन घरे पाहिली. पहिल्या ठिकाणी कुटुंब हवे होते. दुसऱ्या ठिकाणी नकार इतक्या गोड शब्दांत मिळाला, की तो नकार आहे हे तिला रस्त्यावर आल्यावर समजले. तिसरे घर अशाच एका पत्र्याच्या जुन्या घराची मागची बाजू होती आणि घरमालकीण निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी लाल चहा दिला, म्हणजे बिनदुधाचा कोरा चहा, आणि एक छापील कागद पुढे केला. त्यात नाव, कामाचे ठिकाण आणि आजारपणात कळवायचा फोन नंबर असे रकाने होते. तिने भावाचा पुण्याचा नंबर लिहिला. तो वाचून बाईंनी मोडक्या हिंदीत विचारले, की हा माणूस इथे पोहोचेपर्यंत दोन दिवस जातील, जोरहाटमधला कोणाचा नंबर आहे का. कॅमेरा त्या वेळी कागदावर होता. पेन रकान्यावर थांबलेले दिसते. मग बाईंनी तो कागद आपल्याकडे ओढून घेतला आणि त्या जागी स्वतःचाच नंबर लिहिला.

(दृश्य : निमाती घाट. फेरीबोटीवर चढणाऱ्या मोटारसायकली.)

जोरहाटपासून चौदा-पंधरा किलोमीटरवर निमाती घाट आहे आणि तिथून ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटावर फेरीबोटी जातात. बोटीच्या टपावर मोटारसायकली दाटीने उभ्या करतात, खालच्या फळ्यांवर शाळेचे मास्तर, कोबीची पोती, सत्राकडे, म्हणजे वैष्णव मठाकडे, निघालेले भाविक आणि बँकेची माणसे शेजारी शेजारी बसतात. कृष्णेच्या काठी वाढलेल्या माणसाला ही नदी पटकन नदी वाटत नाही, कारण पलीकडचा काठ दिसायलाच बराच वेळ लागतो. दरवर्षीच्या पुरात माजुलीचा किनारा ढासळतो आणि घाटाच्या जागाही सरकवाव्या लागतात. माजुलीच्याही पलीकडे, उत्तर लखीमपूरला, विनोबांनी १९६२ मध्ये मैत्री आश्रम स्थापन केला होता. तिला तो पाहायचा होता, पण आमच्याकडे तेवढे दिवस नव्हते.

या मुलखाचे घड्याळ वेगळे आहे, आणि हे तिला कोणी आधी सांगितले नव्हते. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते. वाई त्याच्या बरीच पश्चिमेला आणि जोरहाट बरेच पूर्वेला, दोहोंत सुमारे वीस अंशांचे अंतर आहे. एका अंशाला सूर्याला चार मिनिटे लागतात, म्हणून एकाच देशात, एकाच घड्याळावर, जोरहाटचा दिवस वाईच्या सुमारे एक तास वीस मिनिटे आधी सुरू होतो. हिवाळ्यात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. चहाच्या मळ्यांनी यावर ब्रिटिश काळापासून स्वतःचा उपाय केलेला आहे : तिथे घड्याळ एक तास पुढे लावतात आणि त्याला ‘बागान टाइम’ म्हणतात.

ज्या शाखेत तिला रुजू व्हायचे आहे तिच्या ग्राहकांत मळ्यातल्या मजूरबायका बऱ्याच आहेत. दोन पाने आणि एक कळी खुडून पाठीवरच्या टोपलीत टाकणाऱ्या या बायकांच्या पणज्यांना एकोणिसाव्या शतकात छोटा नागपूर आणि आसपासच्या भागांतून इथे आणले गेले, आणि त्यांच्यापैकी अनेकींना जायचे आहे का हे कोणी विचारले नव्हते, कुठे निघालो आहोत हे सांगितलेही नव्हते. मळ्याची मजुरी पूर्वी रोख मिळत असे. २०१६ च्या नोटाबंदीनंतर ती खात्यांत जमा करण्यावर भर आला, आणि त्यामुळे पहिल्यांदाच बँकेची पायरी चढलेल्या बायका आज काउंटरपुढे अंगठा देतात. तिने त्या दिवशी काउंटरच्या अलीकडे, ग्राहकांच्या बाकावर, तासभर बसून हे सारे पाहिले. शेजारच्या बाईने आपली पैसे काढायची पावती तिच्यापुढे धरली आणि तिला ‘बाइदेउ’ म्हणून हाक मारली. आसामीत बाइदेउ म्हणजे थोरली बहीण. पावतीवरचे आकडे तिने मराठीत मोजत भरले.

वाईला परतल्यावर तिने वहीत नव्या नोंदी केल्या. ‘जमा’ बाजूला घरमालकिणीचा नंबर आला. ‘नावे’ बाजूला ‘साडेचारनंतर अंधार’ आणि त्याखाली ‘आईचा डावा गुडघा’ असे लिहिलेले आहे. एवढ्या नोंदी करूनही तिने बेरीज केलेली नाही, आणि ती का केली नाहीस असे आम्ही विचारले तेव्हा ती म्हणाली, की ताळा जुळणार नाही हे पहिल्या दिवसापासून माहीत होते, फक्त कोणती रक्कम किती मोठी आहे ते एकदा आपल्या अक्षरात पाहायचे होते.

मुदतीच्या दोन दिवस आधी तिने होकार कळवला. आई पुण्याला मुलाकडे राहायला गेली, वाईचे घर सध्या बंद आहे, आणि आईजवळ बदली मिळावी असा अर्ज तिने रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात केला असून त्याला अद्याप उत्तर आलेले नाही.

(दृश्य : फोनवर केलेले चित्रण, जोरहाट.)

हा शेवटचा भाग तिनेच जानेवारीत आपल्या खोलीतून चित्रित करून पाठवला आहे. संध्याकाळचे साडेपाच वाजले आहेत. खिडकीच्या काचेत तिच्या खोलीतल्या दिव्याशिवाय काही दिसत नाही, आणि टेबलावर टेकवून ठेवलेल्या टॅबच्या पडद्यावर आई पुण्याच्या गॅलरीत बसली आहे. तिथे अजून ऊन आहे.