सीटवरचा डाग आणि मुंबईची दमट हवा

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात गाडीचं दार उघडलं की कुबट वास नाकात शिरतो. पुष्कळदा तो सांडलेल्या पदार्थाचा नसतो, तर डाग धुवायला ओतलेल्या पाण्याचा असतो. रेक्झिनचं सीट पुसलं की झालं. कापडी सीटचं तसं नाही. त्याच्या पोटात फोम असतो, आणि फोम पाणी पिऊन बसतो. मुंबईत जुलैत हवेची आर्द्रता सहज 80 टक्क्यांच्या वर जाते. अशा हवेत तो वाळणार कसा? मग बुरशी धरते. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, सीटवर बादली, पाइप काही आणू नका.

समजा, खड्ड्यात चाक गेलं आणि हातातला कटिंग सीटवर सांडला. लगेच सुकं सुती फडकं त्यावर दाबून धरा. घासायचं अजिबात नाही, घासलं की चहा धाग्यांत आणखी खोल जातो. फडक्याची कोरडी बाजू बदलत कडेकडून मध्याकडे टिपत या. नंतर मगभर गार पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-चार थेंब घाला, फडकं बुडवून घट्ट पिळा आणि पुन्हा टिपा. पाणी गारच हवं, कारण चहात दूध असतं आणि गरम पाण्याने दुधातली प्रथिनं धाग्याला घट्ट चिकटतात. शेवटी साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढून घ्या. साबण राहिला तर तिथेच धूळ बसते.

आता अनेकांची तक्रार असते, डाग गेला होता, सकाळी पाहतो तर परत आला! फोममध्ये उतरलेला चहा, वरचं कापड वाळायला लागलं की वातीतून तेल चढावं तसा वर येतो. यावर उपाय म्हणजे टिपून झाल्यावर जुना टॉवेल घडी करून त्या जागी ठेवा आणि त्यावर रात्रभर वजन ठेवा. वर येणारा रंग टॉवेल शोषून घेतो.

मिसळीचा कट किंवा डब्यातली आमटी सांडली, तर आधी चमच्याने उचलून घ्या. तेलावर टाल्कम पावडर भुरभुरवा, अर्ध्या तासाने झटका, मग वरचाच साबणाचा उपाय करा. हळद साबणाने लालसर होते, घाबरू नका. उरलेला पिवळेपणा उन्हात हळूहळू उडतो. ब्लीच मात्र वापरू नका, सीटचाच रंग जातो.

मासळीच्या पिशवीतून गळलेलं पाणी सगळ्यात चिवट. तेही गार पाण्यानेच टिपा, जागा वाळली की खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्या. वास तरीही राहिला तर एन्झाइमवालं क्लीनर आणा, आधी सीटच्या मागच्या बाजूला थोडं लावून बघा.

वाळवण्यासाठी छपराखाली काचा उघड्या ठेवा, टेबलफॅन लावा. गाडी चालवताना एसी लावलात तरी ओलावा ओढला जातो. पण बेसमेंट पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून सीट वाळवू नका, तो धूर जीवघेणा असतो. आणि बऱ्याच गाड्यांत सीटच्या कुशीत एअरबॅग असते, सीटखाली वायरी असतात. तिकडे ओलं फडकंही जपून न्या.

नमस्कार.